विश्लेषण : गाडीत हलक्या ‘बकेट सीट’ बसवल्याने वेग वाढतो की धोका? कायदा आणि विमा काय सांगतो?

स्पोर्ट्स कारमध्ये दिसणारी खोलगट, हलकी आसने आता साध्या हॅचबॅकमध्येही बसवून घेण्याकडे तरुणांचा ओढा आहे. मोबाइलवरच्या व्हिडीओत आसन बदलणे अर्ध्या तासाचे काम वाटते. चार बोल्ट काढायचे, जुने आसन बाहेर, नवे आत. नांदेड, लातूरच काय, नायगावसारख्या तालुक्याच्या गावातूनही असे आसन ऑनलाइन मागवता येते आणि ब्रॅकेट वेल्डिंग करून देणारे दुकान जवळच सापडते. पण आसनासोबत गाडीतून आणखी काय काय बाहेर पडते, वजन खरोखर किती घटते आणि पुढे अपघात झाला तर आरटीओ व विमा कंपनी काय विचारेल, हे समजून घेणे गरजेचे आहे.

‘बकेट सीट’ म्हणजे नेमके काय?

जुन्या प्रीमियर पद्मिनीत किंवा ॲम्बेसेडरमध्ये पुढे सलग बाक असे. त्यावर चालकासह तिघे दाटीवाटीने बसत. त्या बाकाऐवजी एकेका व्यक्तीसाठी स्वतंत्र, कडेने किंचित उंच असलेले आसन आले, त्याला जगभर ‘बकेट सीट’ म्हणू लागले. त्या अर्थाने आज जवळपास प्रत्येक कारच्या पुढच्या दोन्ही सीट बकेट सीटच आहेत.

स्पोर्ट्स कारच्या संदर्भात मात्र हा शब्द वेगळ्या आसनासाठी वापरतात. पाठ आणि बैठक एकाच कवचात घडवलेली, कंबर व खांद्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारी, पाठ मागे न झुकणारी ही सीट असते. कवच फायबर ग्लासचे किंवा कार्बन फायबरचे असते. त्यावर पातळ फोम आणि कापड असते. मोटर, हीटर, उंची कमीजास्त करण्याचा दांडा यांपैकी काही नसते. म्हणून ती हलकी असते.

या क्षेत्रातले सर्वात ओळखीचे नाव म्हणजे जर्मनीची रेकारो. १९०६ मध्ये श्टुटगार्टमध्ये सुरू झालेल्या रॉयटर यांच्या गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात तिचे मूळ आहे. १९६३ मध्ये सांगाड्यांचा व्यवसाय पोर्शने घेतला आणि उरलेली कंपनी आसनांकडे वळली. ‘रॉयटर’ आणि ‘कॅरोसरी’ या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून रेकारो हे नाव तयार झाले. याच कंपनीच्या कारच्या आसनांचा व्यवसाय पाहणाऱ्या शाखेने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा जगभरच्या वाहनप्रेमींनी हळहळ व्यक्त केली होती.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो. ॲक्सेसरीजच्या दुकानात ‘बकेट फिटिंग’ म्हणून जे मिळते ते आसन नव्हे. मूळ सीटवर घट्ट बसणारे ते कव्हर असते. त्याचा वजनाशी काही संबंध नाही, मात्र सुरक्षेशी आहे. त्याबद्दल पुढे.

आसन बदलल्याने वजन किती घटते?

उत्तर गाडीवर अवलंबून आहे. विजेवर पुढेमागे होणारी, आत एअरबॅग आणि हीटर असलेली महागड्या गाडीची एक सीट साधारण २५ ते ३५ किलोची असते. फायबर ग्लासचे चांगले बकेट आसन सात किलोच्या आसपास येते. त्याला सरकपट्टी आणि दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट लागतात, त्यांचे चार-पाच किलो धरले तर एकूण ११ ते १२ किलो होतात. म्हणजे एका आसनामागे १५ ते २० किलोंची बचत. स्पोर्ट्स कारचा मालक यासाठी पैसे मोजतो.

हॅचबॅकचे गणित निराळे आहे. हाताने सरकवायची साधी सीट मुळातच १५ ते २० किलोची असते. तिच्या जागी ११-१२ किलोचा संच बसवला तर एका बाजूला चार ते आठ किलो वाचतात. दोन्ही सीट मिळून फार तर १५ किलो. बाजारातल्या स्वस्त ‘रेसिंग’ सीटमध्ये तर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, जाड फोम आणि पाठ झुकवण्याची यंत्रणा असते. ब्रॅकेट धरून तिचे वजन अनेकदा मूळ सीटइतकेच भरते. दिसायला रेसिंगची, वजनाला होती तेवढीच, असा हा व्यवहार ठरतो.

खुद्द वाहन कंपन्यांनाही इथे फार मोठी मजल मारता आलेली नाही. बीएमडब्ल्यूच्या ‘एम थ्री’ आणि ‘एम फोर’ या गाड्यांसाठी कार्बन फायबरच्या बकेट सीटचा पर्याय आहे. त्यात एअरबॅग आणि विजेवरची हालचाल कायम ठेवली आहे. कंपनीच्या सांगण्यानुसार त्या नेहमीच्या आसनांपेक्षा ९.६ किलो हलक्या आहेत. सुरक्षा शाबूत ठेवून वजन कमी करणे किती अवघड आणि किती खर्चिक आहे, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

त्याने गाडी खरेच जास्त पळते का?

समजा, एक हॅचबॅक ९५० किलोची आहे आणि चालक ७५ किलोचा. एकूण १,०२५ किलो. त्यातून १५ किलो कमी झाले तर वजन सुमारे दीड टक्क्याने घटते. इंजिनाची ताकद तीच राहिल्यास वेग पकडण्याचा कालावधीही साधारण तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला १२ सेकंद लागत असतील, तर ते ११.८ होतील. हा फरक घड्याळाला कळेल, चालकाला नाही.

दुसरी तुलना आणखी सोपी आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो असते. ३५ लिटरची टाकी पूर्ण भरण्याऐवजी १५ लिटर भरली तर १५ किलो आपोआप वाचतात. डिकीतले जादा सामान काढले तरी तोच परिणाम होतो, तोही फुकट.

ब्रेक लागण्याच्या अंतरातही १५ किलोंमुळे जाणवण्यासारखा फरक पडत नाही. तिथे टायरची पकड, रस्त्याचा पृष्ठभाग आणि वेग हे घटक कितीतरी मोठे आहेत. ज्यांना गाडीचा ताबा सुधारायचा आहे, त्यांना त्याच पैशांत चांगले टायर आणि नवे ब्रेक पॅड जास्त उपयोगी पडतात.

मग शर्यतीच्या गाड्यांत ही आसने का असतात?

शर्यतीत वजनापेक्षाही महत्त्वाचे असते ते चालकाला जागेवर धरून ठेवणे. वेगात वळण घेताना शरीर बाहेरच्या बाजूला ढकलले जाते. साध्या सीटवर चालक स्टिअरिंगला लटकून किंवा गुडघा दारावर टेकवून स्वतःला सावरतो. बकेट सीट हे काम करते, त्यामुळे हात-पाय फक्त गाडी चालवायला मोकळे राहतात. आसन खाली बसवल्याने गाडीचा गुरुत्वमध्यही किंचित खाली येतो. पुन्हा, एका फेरीत सेकंदाचा दहावा भाग वाचला तरी २० फेऱ्यांत दोन सेकंद होतात. त्यावर निकाल फिरतो.

महाराष्ट्रात याचे चांगले उदाहरण पुण्याजवळच्या चाकणचे आहे. फोक्सवॅगनने २०१० मध्ये भारतात ‘पोलो कप’ ही शर्यत मालिका सुरू केली. रस्त्यावर धावणाऱ्या पोलोचेच शर्यतीचे रूप त्यासाठी तयार करण्यात आले. आतली सजावट, मागचा बाक, शेजारचे आसन काढून टाकले गेले आणि चालकासाठी एकच रेसिंग सीट ठेवली गेली. पुढे व्हेन्टो आणि अमियो या गाड्यांच्या मालिकाही झाल्या. कोल्हापूरच्या ध्रुव मोहितेसारखे चालक अशा मालिकांतून देशपातळीवर पोहोचले.

पण या गाड्यांत फक्त सीट बदललेली नव्हती. छताखाली पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज होता. अनेक बिंदूंना जोडलेले पट्टे, हेल्मेट, मान सावरणारे उपकरण आणि आग विझवण्याची व्यवस्था होती. आणि या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर धावत नव्हत्या. रेसिंग सीट हा त्या संपूर्ण संचाचा एक तुकडा आहे. तो तुकडा एकटा उचलून रस्त्यावरच्या गाडीत बसवला की हिशेब बदलतो.

मूळ आसनात काय काय दडलेले असते?

गेल्या काही वर्षांत सीट ही केवळ बसायची जागा राहिलेली नाही. बाजूने धडक बसल्यास छाती वाचवणारी साइड एअरबॅग अनेक गाड्यांत सीटच्याच कडेला, शिवणीच्या आत असते. ती काही मिलिसेकंदांत शिवण फाडून बाहेर येते. सीट गेली की ती एअरबॅगही जाते.

सीट बेल्टचे कुलूप, म्हणजे ज्यात पट्ट्याची जीभ अडकवतो तो भाग, बहुतेक गाड्यांत सीटच्या सांगाड्यालाच जोडलेला असतो. काही गाड्यांत धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी यंत्रणाही तिथेच असते. सीट बेल्ट न लावल्यास वाजणाऱ्या घंटेच्या तारा आणि शेजारी कोणी बसले आहे का हे ओळखणारा सेन्सरही सीटखाली किंवा सीटमध्ये असतो. १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या कारमध्ये चालकाची एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक झाली आहे. म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक गाडीत सीट काढणे म्हणजे कायद्याने बंधनकारक असलेल्या यंत्रणेला हात घालणे होय.

तारा काढल्या की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल किंवा पिवळा दिवा लागतो. अनेक गाड्यांत हा दिवा लागलेला असताना उरलेल्या एअरबॅगही उघडतील याची खात्री राहत नाही. यावर बाजारात एक ‘जुगाड’ प्रचलित आहे. एअरबॅगच्या जागी एक छोटा रेझिस्टर लावायचा. गाडीच्या संगणकाला एअरबॅग जागेवर असल्याचे वाटते आणि दिवा विझतो. दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे. तो फक्त दिसेनासा होतो, आणि पुढे ही गाडी सेकंड हँड घेणाऱ्याला तर त्याचा पत्ताही लागत नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही क्रॅश चाचणीची योजना सुरू झाली आहे. गाडीला मिळणारे तारे हे कंपनीने बसवलेल्या सीट, बेल्ट आणि एअरबॅग यांच्यासह केलेल्या चाचणीचे असतात. सीट बदलल्यावर ते तारे त्या गाडीचे राहत नाहीत.

ब्रॅकेट आणि बोल्टचा प्रश्न एवढा गंभीर का?

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत आसनांसाठी ‘आर १७’ हा नियम आहे. भारतीय मानकेही याच धर्तीवर आहेत. त्यात सीट आणि तिची जोडणी गुरुत्वाकर्षणाच्या २० पट धक्का सोसू शकते का, हे तपासले जाते. याचा साधा अर्थ असा : त्या क्षणी १५ किलोची सीट ३०० किलोंसारखी पुढे झेपावते. बेल्टचे कुलूप सीटला जोडलेले असेल तर बसलेल्या माणसाचा भारही त्या जोडणीवर येतो. ७५ किलोचा माणूस २० पटींत दीड टनाचा होतो. हा सगळा जोर सीटखालच्या चार बोल्टवर आणि पातळ पत्र्याच्या तळावर पडतो.

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॅक्टरची ट्रॉली, गेट, पत्र्याचे शेड उत्तम बनते. तिथल्या कारागिराच्या हाताबद्दल शंका नाही. पण ट्रॉलीवरचा भार हळूहळू वाढतो आणि कारागीर तो नजरेने जोखू शकतो. धडकेचा भार सेकंदाच्या दहाव्या हिश्शात येऊन जातो. अँगलच्या तुकड्यावर घातलेले वेल्डिंग वरून सुबक दिसले तरी त्याच्या कडेला धातू कडक आणि ठिसूळ होऊ शकतो. रोजच्या हादऱ्यांनी तिथेच बारीक तडा सुरू होतो.

बोल्टचेही तसेच आहे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर त्याच्या पोलादाची ताकद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन असते. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा साधा ४.६ चा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याची ताकद निम्मी असते. एकच ८ मिलिमीटरचा बोल्ट घेतला तर पहिला सुमारे २९ हजार न्यूटनपर्यंत तग धरतो, दुसरा साडेचौदा हजारांच्या आसपास तुटतो.

आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धांची नियंत्रक संस्था ‘एफआयए’ हिचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. सीट किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटरच्या बोल्टने जोडलेली हवी. तळाच्या पत्र्याखाली प्रत्येक बोल्टमागे किमान ४० चौरस सेंटिमीटरची आधारपट्टी हवी. ब्रॅकेट पोलादाचे असेल तर जाडी किमान ३ मिलिमीटर आणि हलक्या मिश्रधातूचे असेल तर ५ मिलिमीटर हवी. आधारपट्टीऐवजी नुसता वॉशर टाकला तर धडकेत बोल्ट शाबूत राहूनही पत्रा फाडून वर येऊ शकतो.

चार बिंदूंचा पट्टा लावला तर चालत नाही का?

बकेट सीटसोबत अनेकजण दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंग पट्टा घेतात. तो जास्त सुरक्षित वाटतो. पण रस्त्यावरच्या गाडीत त्याचे तीन अडथळे आहेत.

पहिला, खांद्यावरचे पट्टे मागे जवळपास आडवे गेले पाहिजेत. ते मागच्या सीटच्या तळाला खाली बांधले तर धडकेत पुढे झेपावणारे शरीर आणि खाली ओढणारा पट्टा यांच्यात पाठीचा कणा दाबला जातो. दुसरा, पायांमधून येणारा पट्टा नसेल तर कमरेचा पट्टा वर सरकतो आणि शरीर त्याखालून घसरते. तेव्हा कमरेच्या हाडांऐवजी पोटावर दाब येतो. तिसरा, गाडी उलटली आणि छत दबले तर तीन बिंदूंच्या साध्या पट्ट्यात शरीर थोडे बाजूला कलू शकते. रेसिंग पट्टा ते ताठ उभे धरून ठेवतो. वर पिंजरा नसेल तर छताचा भार थेट डोक्यावर आणि मानेवर येतो.

सीट बेल्ट किती निर्णायक असतो, हे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघाताने राज्याला दाखवून दिले. उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या आसनावर बेल्टविना बसले होते. त्याच वर्षी देशात सीट बेल्ट न लावल्याने १६,७१५ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे. त्यात ८,३८४ चालक होते. कंपनीने दिलेला साधा पट्टा काढून अर्धवट बसवलेला ‘रेसिंग’ पट्टा लावणे म्हणजे उपलब्ध असलेले संरक्षण स्वतःहून कमी करणे ठरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ महत्त्वाचे आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे आरसी बुकातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा कोणताही बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

आरसीवर आसनक्षमता आणि रिकाम्या वाहनाचे वजन या दोन्ही नोंदी असतात. वजन कमी करण्यासाठी मागचा बाक काढून पाच आसनी गाडी दोन आसनी केली, तर आसनक्षमतेची नोंद उघडच विसंगत होते. पुढच्या दोन सीटच्या जागी दोनच बकेट सीट बसवल्या तर संख्या बदलत नाही. त्यामुळे ‘हे चालते’ असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. एअरबॅग, बेल्टची सूचना आणि सीटची जोडणी यांना स्वतंत्र मानके लागू आहेत. त्यांचा भंग झाला तर संख्या तीच आहे हा बचाव पुरत नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२ अ आले. त्यातील चौथ्या पोटकलमानुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. सायलेन्सर, हेडलाइट आणि सीट असे तीन बदल असतील तर दंडाची आकारणीही तीनदा होऊ शकते. सुरक्षेच्या दृष्टीने कळीचे म्हणून अधिसूचित केलेले सुटे भाग मानकांशिवाय विकणाऱ्यालाही याच कलमात शिक्षा आहे.

सुरक्षेच्या कारणावरून बाहेरून लावलेल्या वस्तूंवर कारवाई झाल्याचे उदाहरणही आहे. गाडीच्या पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे आदेश केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिले होते. पादचाऱ्यांना इजा होते आणि एअरबॅगच्या कामात अडथळा येतो, ही त्यामागची कारणे होती.

दुसऱ्या बाजूला, सीट अजिबात बदलता येत नाही असेही नाही. ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्तींना चढणे-उतरणे सोपे व्हावे म्हणून मारुती सुझुकीने वॅगन आरसाठी बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या आसनाचा पर्याय आणला आहे. तो पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेच्या चाचणीतून गेला आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातील वाहन चाचणीचे प्रमुख केंद्र आहे. चाचणी, प्रमाणपत्र आणि कंपनीची जबाबदारी असा हा मार्ग आहे. ऑनलाइन मागवलेल्या सीटला यातले काहीच नसते.

विमा कंपनी दावा नाकारू शकते का?

विमा घेताना जी गाडी दाखवली, तीच गाडी अपघाताच्या वेळी असायला हवी, हे विम्याचे मूळ तत्त्व आहे. महत्त्वाचा बदल कंपनीला कळवला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कमी होऊ शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. सर्व्हेअर पंचनाम्याच्या वेळी फोटो काढतो. त्यात वेगळी सीट लपत नाही. तिला कंपनीची वॉरंटीही नसते आणि एअरबॅगच्या तारांना हात लागला असेल तर मूळ गाडीच्या त्या भागाची वॉरंटीही अडचणीत येते.

बदल कळवायचा तर तो लेखी कळवावा आणि पॉलिसीत त्याची नोंद करून घ्यावी. ‘एजंटला सांगितले होते’ हे दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

नायगावच्या रस्त्यांवर ही सीट सोसवते का?

नायगाव हे नांदेडहून नरसी, देगलूरमार्गे तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. महामार्गावर ‘एमएच-२६’ पासिंगच्या गाड्यांसोबत हैदराबादकडची जड वाहतूक असते. महामार्ग सोडला की गावांकडे जाणारे रस्ते काळ्या मातीवरून जातात. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो.

मूळ सीटमधील जाड फोम आणि स्प्रिंग हे हादरे बऱ्याच प्रमाणात गिळतात. फायबर ग्लासच्या कवचावर दोन-तीन सेंटिमीटरचा फोम असतो, त्यामुळे हादरा जवळपास तसाच कमरेपर्यंत पोहोचतो. शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकवर अर्धा तास बसणे आणि नायगाव-नांदेड असे सुमारे ५० किलोमीटर रोज जाणे-येणे यात मोठा फरक आहे. शिवाय तीच गाडी घरातल्या ज्येष्ठांना दवाखान्यात न्यायला आणि लग्नकार्यालाही लागते. उंच कडा ओलांडून आत बसणे साडी नेसलेल्या बाईला किंवा गुडघेदुखी असलेल्या आजोबांना शिक्षा वाटू शकते.

उन्हाचाही विचार हवा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. पाठीला सर्व बाजूंनी वेढणाऱ्या कवचात हवा खेळत नाही. ठरलेल्या कोनात पाठ पक्की असल्याने लांबच्या प्रवासात चालकाला बसण्याची पद्धत बदलून थोडा आरामही घेता येत नाही. थकलेला चालक हा स्वतःच एक धोका असतो.

‘बकेट फिटिंग’ कव्हरचे काय?

प्रत्यक्ष बकेट सीट बसवणारे थोडे आणि घट्ट कव्हर चढवणारे असंख्य, अशी स्थिती आहे. त्यामुळे हा मुद्दा जास्त लोकांशी निगडित आहे. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लेबल असेल तर त्या बाजूने जाड रेक्झिनचे सलग कव्हर चढवणे धोक्याचे आहे. एअरबॅग वेळेत बाहेर येत नाही किंवा चुकीच्या दिशेने उघडते. पूर्वी साइड एअरबॅग फक्त महागड्या गाड्यांत असे. आता लहान गाड्यांतही सहा एअरबॅग मिळू लागल्याने हा प्रश्न गावोगावी पोहोचला आहे. कव्हर घ्यायचेच असेल तर कंपनीचे, एअरबॅगच्या जागी मोकळे किंवा सहज उसवणारी शिवण असलेले घ्यावे. नवी गाडी घेताना डीलरने ‘फ्री’ दिलेले कव्हरही याच कसोटीवर तपासावे.

तरीही हलकी सीट हवीच असेल तर?

ट्रॅकवर किंवा रॅलीत उतरायचे असेल, तर मार्ग वेगळा आहे. देशात मोटर स्पर्धांचे नियमन करणाऱ्या ‘एफएमएससीआय’ या महासंघाच्या नियमांनुसार गाडी तयार करावी लागते. सीट ‘एफआयए ८८५५-१९९९’ सारख्या मानकाची असावी. अशा सीटवर निर्माता, मॉडेल, उत्पादनाचा महिना व वर्ष यांचे लेबल असते. या मानकाच्या सीटची मुदत उत्पादनापासून पाच वर्षांची असते. त्यामुळे भंगारातून किंवा परदेशातून आलेली जुनी ‘ब्रँडेड’ सीट स्वस्त मिळाली तरी ती स्पर्धेला चालत नाही. हुबेहूब नक्कल केलेल्या सीटही बाजारात आहेत. लेबल नसलेली सीट म्हणजे चाचणी न झालेली सीट, असेच समजावे.

रस्त्यावरच्या गाडीसाठी तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तरच विचार करावा. सीट त्या गाडीसाठी निर्मात्याने किंवा प्रमाणित संस्थेने मान्य केलेली आहे का? मूळ एअरबॅग, बेल्टचे कुलूप आणि सेन्सर जसेच्या तसे काम करणार आहेत का? आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर मिळाले आहे का? बहुतेक हॅचबॅकच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते.

बदल आधीच झाला असेल, तर मूळ सीट विकू नये. ती अधिकृत सेवा केंद्रात परत बसवून एअरबॅगच्या यंत्रणेची संगणकीय तपासणी करून घ्यावी. दिवा विझवण्यासाठी रेझिस्टर लावला असेल तर ते तिथे स्पष्ट सांगावे, कारण तंत्रज्ञाला तो पडद्यावर दिसणार नाही. आणि सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने इंजिन, टायर पाहताना सीटखाली एकदा टॉर्च मारून पाहावा. वेल्डिंगचा ताजा डाग, तुटलेला पिवळा प्लग किंवा वेगवेगळ्या मापाचे बोल्ट दिसले, तर किमतीची घासाघीस करण्याआधी गाडी सेवा केंद्रात दाखवून घेणे शहाणपणाचे.